पाण्यात पाय असेपर्यंत

हिमनद्यांवर कुठेही बोलायला गेलं की शेवटी एक चलाख प्रश्न येतोच. बर्फ वितळून समुद्राला लोह मिळतं, लोह मिळालं की वनस्पतिप्लवक वाढतं, त्यावर मासे पोसले जातात, शिवाय हवेतला कार्बनही शोषला जातो. मग वितळू दे की, बिघडलं कुठे? विचारणारा बहुधा मागच्या बाकावरचा असतो आणि त्याने काहीतरी वाचलेलं असतं. त्याचं एकेक वाक्य सुटं घेतलं तर बरोबरही आहे. फसगत होते ती ही वाक्यं एकापुढे एक लावताना.

मी समुद्री रसायनशास्त्राचा माणूस, म्हणजे आयुष्यभर बाटल्यांत पाणी भरणारा. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, ७९ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ, नी-ओलेसुंड नावाची संशोधकांची चिमुकली वसाहत आहे. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८पासून तिथे आहे, आणि त्याचा कारभार पाहणारी संस्था आहे गोव्यात, वास्कोच्या हेडलँड सड्यावर. वसाहतीसमोर कोंग्सफ्योर्ड पसरलेला आहे. त्याच्या आतल्या टोकाला क्रोनेब्रेनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. वसाहतीच्या बाजूच्या काही लहान हिमनद्या मात्र मागे सरून जमिनीवरच थांबल्या आहेत. त्यांचं पाणी ओढ्यांनी वाहत खाडीत येतं. एकाच फ्योर्डात दोन तऱ्हेच्या हिमनद्या शेजारी शेजारी असणं म्हणजे आमच्यासारख्यांची चंगळच.

उन्हाळ्यात होडीतून क्रोनेब्रेनच्या दिशेने जावं. फार जवळ जाता येत नाही, कारण समोरच्या भिंतीतून कधी कडा कोसळेल याचा नेम नसतो. पण दुरूनही भिंतीच्या पायाशी लालसर-तपकिरी पाण्याचा एक पट्टा दिसतो आणि त्यावर किट्टीवेक पक्ष्यांचा गोंगाट चाललेला असतो. ते वेचत असतात प्राणिप्लवक. खाऱ्या पाण्यातले हे जीव अचानक गोड्या पाण्यात सापडून अर्धमेले होतात आणि पृष्ठभागावर आयते मिळतात.

आता हे गोडं पाणी पायथ्याशी आलं कुठून? हिमनदीच्या पाठीवर वितळलेलं पाणी भेगांतून आणि उभ्या विवरांतून थेट तळाला जातं. तिथे खडक आणि बर्फ यांच्यामधून वाट काढत ते समुद्राच्या पातळीच्या बरंच खाली बाहेर पडतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे बाहेर पडताक्षणी ते उसळी मारून वर येतं. वर येताना आजूबाजूचं खोल पाणी ओढून घेतं, तेही स्वतःच्या कितीतरी पट. या खोल पाण्यात नायट्रेट भरपूर असतं. वर, उजेडात, ते वसंतातच खाऊन संपलेलं असतं.

सगळी गोम इथे आहे. हिमनदीच्या स्वतःच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जेमतेमच असतं. ती समुद्राला वाढते ते समुद्राच्याच तळघरातलं धान्य. ते वर काढायची तिची ताकद टिकते ती तिचे पाय खोल पाण्यात असेपर्यंतच.

ग्रीनलँडमध्ये हे ठसठशीत दिसतं. राजधानी नूकजवळच्या फ्योर्डात समुद्रात उतरणाऱ्या मोठ्या हिमनद्या आहेत, आणि तिथे ऐन उन्हाळ्यात वनस्पतिप्लवकाला दुसरा बहर येतो. ईशान्येकडच्या यंग साउंडमध्ये हिमनद्या जमिनीवर संपतात. तिथलं पाणी त्या मानाने नापीक. २०१७ साली या दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. किनाऱ्यालगतची हॅलिबटची मासेमारी मुख्यतः समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांच्या फ्योर्डांतच चालते. हॅलिबट ही तिथल्या निर्यातीतली मोठी चीज आहे, त्यामुळे हा केवळ पक्ष्यांचा प्रश्न उरत नाही.

खोलीचंही गणित आहे. पाणी फार खोलवर बाहेर पडलं तर त्याची उसळी उजेडापर्यंत पोचतच नाही, मध्येच विरते. फार उथळ बाहेर पडलं तर वाटेत नायट्रेट भेटत नाही. त्यामुळे एखादी हिमनदी मागे सरताना तिचा तळ उथळ होत गेला की पुरवठा घटत जातो आणि ती जमिनीवर चढली की थांबतो. मग वितळलेलं पाणी कितीही वाढो, ते खाडीवर पातळ थरासारखं पसरतं. हा थर झाकणाचं काम करतो आणि खालचं पाणी वर येऊ देत नाही. गोव्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याही किनाऱ्यावर पावसाळ्यात तळाचं पोषक पाणी वर येऊ पाहतं आणि पावसाच्या, नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर त्याला वरच्यावर अडवतो.

आणि लोह? ते हिमनदीजवळ खरंच असतं. तिच्या वजनाखाली खडक जात्यात भरडल्यासारखा भरडला जातो, आणि त्या पिठातून लोह व सिलिका सुटतात. (हे पीठ आमच्या गाळणकागदांची छिद्रं इतक्या लवकर बुजवतं की एक बाटली गाळता गाळता जेवणाची वेळ टळते.) पण गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की विरघळलेल्या लोहाचे कण एकमेकांना चिकटतात आणि बहुतांश लोह फ्योर्डातच तळाला बसतं. शिवाय आर्क्टिकच्या फ्योर्डांत उणीव असते ती मुख्यतः नायट्रेटची. पंगतीत पोळ्या संपल्या असताना मिठाचं ताट फिरवून काय उपयोग?

लोहाची खरी भूक दक्षिण महासागराला. तिथे नायट्रेट पडून असतं आणि लोहावाचून वापरलं जात नाही. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे ठासून मांडलं. त्याआधीची बरीच मोजमापं जहाजाच्या गंजानेच बिघडलेली होती, म्हणून त्याने आधी बाटल्या आणि दोर स्वच्छ ठेवायची शिस्त पाळली. मला त्याचं कर्तृत्व सिद्धान्तापेक्षा या शिस्तीत मोठं वाटतं. अंटार्क्टिकापासून तुटलेले प्रचंड हिमनग वाटेत लोह सांडत जातात आणि त्यांच्यामागे शेकडो किलोमीटर हिरवी शेपूट उमटते, हे उपग्रहचित्रांतून दिसलं आहे. दक्षिण महासागरात खोल गाडल्या जाणाऱ्या कार्बनचा पाचवा हिस्साही या महाकाय हिमनगांमुळे असू शकेल, असा २०१६चा एक अंदाज आहे. मागच्या बाकावरच्या मुलाचं म्हणणं लागू पडलंच तर या भागात.

मग माणसानेच लोह टाकलं तर? तो प्रयोग आपल्या घरचा आहे. २००९च्या सुरुवातीला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळलं. मोहिमेचं नाव लोहाफेक्स; गोव्याकडून नेतृत्व वजीह नक्वींचं, जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटाचेक यांचं. पर्यावरणवाद्यांनी गदारोळ केला, जर्मन सरकारात मतभेद झाले, काम काही काळ अडलं आणि मग पुढे गेलं. वनस्पतिप्लवक वाढलंही. पण त्या पाण्यात सिलिका फारच कमी होती. काचेसारखं कवच बांधणारे, जड होऊन बुडणारे डायटम वाढलेच नाहीत. वाढले ते बारीकसारीक जीव, आणि त्यांना प्राणिप्लवकाने फस्त केलं. तळाकडे गेलेला कार्बन नगण्य निघाला.

काहींनी याला अपयश म्हटलं. माझ्या मते ती फार कामाची मोहीम होती. समुद्रात लोह टाकून हवामान सुधारण्याचे प्रस्ताव आजही फिरतात, अधूनमधून एखादा मतासाठी माझ्यापर्यंत येतो. मी आधी त्यात तिथल्या सिलिकाचा आकडा शोधतो. पुष्कळदा तो दिलेलाच नसतो.