बुधवारचा भाग

पुस्तकाचा परीक्षक पुस्तक संपवून लिहायला बसतो. नाटकाचा परीक्षक तिसरी घंटा ऐकतो आणि पडदा पडला की घरी जाऊन लिहितो. मालिकेवर लिहिणाऱ्याचं तसं नाही. मालिकेचा शेवट काय, हे तिच्या लेखकालाच ठाऊक नसतं, तिथे मला कुठून असणार? पण वर्तमानपत्राला निकाल हवा असतो, आणि तोही पहिल्या आठवड्यातच. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चॅनेलवर दुसरं काहीतरी सुरू होणार असतं.

ही अडचण मुळातली नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढे मालिकांचा जमाना आला तेव्हा त्या आठवड्यातून एकदा लागायच्या आणि तेरा भागांत आटोपायच्या. परीक्षकाला सगळी मालिका डोळ्यांखालून घालता येत असे. 1997 मध्ये ‘दामिनी’ रोज येऊ लागली. 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, 2000 मध्ये ई टीव्ही मराठी. मग ‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू होऊन 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. तीन हजार भागांचं परीक्षण कोण, केव्हा आणि कशासाठी करणार? ‘मागील पानावरून पुढे चालू’ एवढं लिहून मोकळं व्हावं, अशीच स्थिती.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. पहिला भाग बघते, पण त्यावर मत बनवत नाही. पहिला भाग निवांतपणे, पैसे लावून काढलेला असतो. बाहेरगावचं चित्रीकरण, ड्रोनमधून दिसणारं गाव, नायिकेची धावत एंट्री, शीर्षकगीतावर घेतलेली मेहनत. नव्याचे नऊ दिवस ही म्हण मालिकेला तंतोतंत लागू पडते, कारण सुरुवातीला हाताशी असलेली भागांची बँक साधारण तेवढ्यात आटते. मग सुरू होतो रोजचा रेटा. दुपारी शूट झालेला सीन संध्याकाळी एडिटला आणि लगेच टेलिकास्टला. मी थांबते त्या रेट्यातल्या बुधवारसाठी. सोमवारी आठवड्याचा हुक असतो, वीकएंडला महाएपिसोड, ज्याचे प्रोमो चार दिवस आधीपासून डोक्यावर आदळतात. गुरुवारी बार्कचे टीआरपीचे आकडे येतात आणि चॅनेलच्या मीटिंगा बसतात. बुधवारी मात्र काहीच घडायचं नसतं. काही घडायचं नसताना ही माणसं एकमेकांशी काय बोलतात, त्यावर मला मालिका कळते.

वाईट बुधवार कसा असतो, ते एका सीनवरून सांगते. बंगला बहुधा घोडबंदर रोडच्या आसपासचा. सून चहाचा ट्रे घेऊन येते आणि म्हणते, ‘मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.’ ढोल. सासूचा चेहरा. जावेचा चेहरा. जिन्यावर थबकलेला दीर. पुन्हा सासू, आता जवळून. सून परत तेच वाक्य म्हणते. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजतो आणि जाहिराती लागतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये मालिका असते जेमतेम बावीस मिनिटं आणि त्यातली दोन अशी गेलेली असतात. प्रेक्षकांना हा आळशीपणा वाटतो. तो आळशीपणा नसतो. नायिकेच्या तारखा नसतात, किंवा पुढचा सीन सेटवर पोचलेलाच नसतो. दिग्दर्शकाजवळ घरातले सात चेहरे आणि ढोल एवढंच भांडवल असतं. तो त्यावर दिवस काढतो. कारण समजतं म्हणून मी गुण वाढवत नाही, एवढंच.

चांगला बुधवार बघायचा तर ‘आई कुठे काय करते’ची सुरुवातीची दोनेक वर्षं. डिसेंबर 2019 मध्ये स्टार प्रवाहवर आलेली ही मालिका मूळ बंगाली ‘श्रीमयी’ची. पण मुग्धा गोडबोले यांच्या संवादांमुळे देशमुखांचं घर ठाण्या-डोंबिवलीकडचं वाटत होतं. सासूबाईंचा मुलाकडे असलेला कल, सासऱ्यांचं सुनेच्या बाजूने उभं राहणं, मुलांचं आईला गृहीत धरणं, हे सगळं मोठ्या प्रसंगांत नव्हे तर पोळ्या लाटताना, औषधाच्या गोळ्या देताना उलगडत गेलं. मधुराणी प्रभुलकरने नायिका अरुंधतीला रडकी होऊ दिलं नाही. नवऱ्याचं प्रकरण उघडकीला आलं, घटस्फोट झाला, तोवरची मालिका मी मराठीतल्या उत्तम दैनंदिन मालिकांत धरते.

पुढे घोटाळा झाला तो सेटमुळे, असं माझं मत आहे. ‘समृद्धी’ बंगल्याचा सेट उभा होता, त्यात राहणाऱ्या पात्रांचे कलाकार करारबद्ध होते आणि नायिका घराबाहेर पडलेली. आता करायचं काय? तर काही ना काही निमित्ताने अरुंधतीला पुन्हा त्याच दिवाणखान्यात आणायचं. मुलाचं लग्न, सासूचं आजारपण, कुणाचं बाळंतपण. घटस्फोट घेतलेली बाई आयुष्यात पुढे गेली असती, पण मालिका तिला दर आठवड्याला माघारी बोलवत राहिली. तिचं दुसरं लग्न झालं, तो दुसरा नवराही कथेने मारला. नोव्हेंबर 2024 मध्ये मालिका संपली तेव्हा, जी बाई घर सोडते तिची गोष्ट सांगायला आपल्याकडे दुसरं घरच बांधत नाहीत, असं मी लिहिलं होतं. त्यावर सांगलीच्या एका आजींचं पत्र आलं: ‘मॅडम, तुमचं पटतं हो, पण घरात बोलणारं कुणी नसतं. ती माणसं बोलतात, तेवढं बरं वाटतं.’ याला परीक्षकाकडे उत्तर नाही. मी ते पत्र फाइलला लावलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तक्रारच लिहिली.

चालू मालिकांबद्दल थोडक्यात. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून आली, डिसेंबर 2022 पासून टीआरपीच्या वरच्या पायऱ्यांवर आहे आणि जुई गडकरीचा त्यात मोठा वाटा आहे. करारातलं लग्न हा मसाला जुना, पण सायली-अर्जुनची नोकझोक बुधवारीही टिकते. कोर्टाचे सीन मात्र एखाद्या वकिलासोबत बसून बघू नका. ‘लक्ष्मी निवास’ मूळ कन्नड. निवृत्तीला आलेला नवरा, हाताशी पैसा नाही आणि स्वतःचं घर बांधायची बायकोची इच्छा, ही कल्पना कुठल्याही तालुक्याच्या गावात खरी ठरेल. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी जोडीने पासबुकाकडे बघतात तेव्हा मी लिहिणं थांबवून बघते. पण रोजचा एक तास? एवढ्या वेळात ते घर दोनदा बांधून झालं असतं.

आता पुन्हा आलेल्या मालिकांकडे वळते. इथे माझा प्रश्न वेगळा असतो: नाव परत आणलंत ते ठीक, पण सांगायला काय आणलंत?

याचं मराठीतलं सर्वांत हुशार उत्तर ‘रात्रीस खेळ चाले’ने दिलं. 2016 चं पहिलं पर्व सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालं. तिथे गोष्ट सुरू होते तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूने, मग नाईकांचा गोतावळा वाड्यात जमतो. कोकणाची बदनामी होते म्हणून तेव्हा बरीच आरडाओरड झाली. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं तेव्हा इतर कुणीही भूत पुढे रेटलं असतं. यांनी काळ मागे नेला आणि अण्णांना जिवंत दाखवलं. माणूस मरणार हे आपल्याला आधीच माहीत, त्यामुळे पुढे काय होणार ही उत्सुकताच बाद झाली आणि हा माणूस असा का, एवढंच उरलं. माधव अभ्यंकरांचा अण्णा भुताहून भयंकर निघाला, कारण तो गावातला सावकार वाटत होता, हसत हसत दुसऱ्याच्या जमिनीवर नजर ठेवणारा. अपूर्वा नेमळेकरची शेवंता नुसती मोहिनी नव्हती, तिला स्वतःचा हिशेब होता. आणि शकुंतला नरे यांच्या माईला मालवणीत कुढताना बघणं हा त्या मालिकेचा खरा बुधवार. 2021 मध्ये तिसरं पर्व आलं. आता अण्णा आणि शेवंता दोघंही मेलेले. शेवंताची भूमिका मध्येच दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली. भुतं भरपूर, भीती शून्य. मेलेल्या माणसाला गमावण्यासारखं काही राहत नाही, हे लेखकांच्या लक्षात यायला हवं होतं.

‘अग्निहोत्र’चं दुःख वेगळं. 2008 मध्ये स्टार प्रवाहच्या सुरुवातीच्या काळात नाशिकचा वाडा, विखुरलेलं कुटुंब आणि गणपतींचं गूढ घेऊन आलेली ती मालिका आजही लोक नावाने आठवतात. विक्रम गोखले, विनय आपटे, मोहन आगाशे एकाच कुटुंबात! डिसेंबर 2019 मध्ये ‘अग्निहोत्र 2’ आली. शरद पोंक्षे होते, वाडा होता, गूढही होतं. पण त्या काळात प्राइम टाइमचा प्रेक्षक रोज नवं संकट मागू लागला होता. काही महिन्यांत ती आटोपली. मी तिला वाईट म्हणणार नाही, ती उशिरा आली. ‘दिल दोस्ती दोबारा’ने 2017 मध्ये उलटा डाव टाकला. आधीच्या मालिकेतल्या ‘माजघर’ फ्लॅटमधले तेच सहा कलाकार, पण पात्रं नवी आणि एक रेस्टॉरंट. म्हणजे प्रेक्षकांनी जीव लावलेली माणसं काढून घेतली आणि चेहरे परत दिले! कलाकार गुणी, पण प्रेक्षक आपल्या जुन्या मित्रांना शोधत राहिला.

‘देवमाणूस’ पहिल्यांदा 2020 मध्ये आली. वाई परिसरातल्या खऱ्या गुन्ह्याची तिला पार्श्वभूमी होती आणि गाव डॉक्टरला किती सहज देव मानतं, हा धागा पक्का होता. 2025 मध्ये ‘देवमाणूस – मधला अध्याय’ आला. दोन पर्वांनंतर मधला अध्याय! किरण गायकवाड अजूनही नुसत्या नजरेने थंडगार करतो. पण पुढचा बळी कोण, हे आता प्रेक्षक पोलिसांच्या आधी सांगतो, आणि पोलीस तर तिसऱ्या पर्वातही जिन्याच्या पहिल्याच पायरीवर.

राहता राहिलं ‘चला हवा येऊ द्या’. 2014 ते 2024 हा कार्यक्रम मराठी सिनेमाचा चावडीवरचा जाहिरातदार होता. चित्रपट लागायच्या आधी कार्यक्रमातल्या थुकरटवाडी गावात हजेरी लावल्याशिवाय निर्मात्याला चैन पडत नसे. 2025 च्या जुलैमध्ये तो परतला. सूत्रसंचालनाला निलेश साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर आणि गावाच्या जागी गँगवॉर नावाची स्पर्धा. श्रेया बुगडे आणि कुशल बद्रिके यांच्या टायमिंगला आजही तोड नाही. पण मूळ कार्यक्रमात विनोद फसला तरी चालत असे, कारण फसलेल्या विनोदावर मंचावरचेच लोक एकमेकांची खेचत. नव्या पर्वात गुण द्यायचे म्हटल्यावर फसायची मुभा गेली. नवे स्पर्धक घाबरून पाठ केलेलं बोलत. त्यांच्यातल्या एक-दोघांना मात्र पुढे वेगळ्या कार्यक्रमात बघायला मला आवडेल, गुणपत्रिकेशिवाय.