काळी दोनचा हट्ट

नोकरीत वेळ मिळेना म्हणून पेटी सुटली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. घरच्यांचीही तीच समजूत होती. खरं कारण वेगळं होतं. तालुक्यातल्या एका भजन स्पर्धेत निकाल सांगताना परीक्षक आमच्या मंडळाबद्दल एवढंच म्हणाले की, पेटी गाणाऱ्याच्या वर चढते. आमचा नंबर हुकला. परतीच्या टेंपोत मला कुणी बोल लावला नाही. उलट एकाने खांद्यावर हात ठेवला आणि मला तेच जास्त लागलं. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. ती पथ्यावरच पडली, कारण पेटीला हात का लावत नाही याचं उत्तर आयतं मिळालं.

परीक्षकांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या गावी, नंदगडमध्ये, तेव्हा हरिपाठ असो, काकडआरती असो की जत्रेतलं नाटक, पेटीवर मीच असायचो. मन मात्र नाटकात. पद संपता संपता वाजवायला मोकळी जागा मिळते, लोक मान डोलावतात, ‘वन्स मोअर’ येतो. तीच चटक मी भजनात घेऊन गेलो. म्हातारी माणसं अभंगाचा चरण मनापासून आळवत असायची आणि दोन चरणांच्या मधल्या श्वासात मी नाट्यपदातल्या जागा कोंबायचो. त्यातून माझा हट्ट काळी दोनचा. त्या पट्टीत माझी बोटं सरसर चालायची. गाणाऱ्याचा आवाज तिथपर्यंत पोचतो की नाही, हे मी कधी विचारलंच नाही. बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांची पेटी ऐकायला मिळाली होती. 1917 चा त्यांचा जन्म. 2010 साली ते गेले. आयुष्यभर शिकवलं, थोरामोठ्या गायकांना साथ केली. एवढ्या माणसाकडून मी उचललं काय, तर बोटांची चपळाई. साथीला ते गाण्याकडे कान कसा लावतात, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

निवृत्त होऊन गावी परतलो आणि माळ्यावरची पेटी खाली काढली. गोणपाटात बांधून ठेवली होती. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. जूनपासून भिंतींना ओल सुटते ती दसऱ्यापर्यंत हटत नाही. भात्याच्या घड्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. लाकूड फुगल्यामुळे दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत आणि त्यांचा सूर नुसताच ओरडत राहायचा. झाकण काढून पाहिलं, तर पितळी सुरांवर हिरवट थर. ही पेटी वडिलांनी भात विकून घेतलेली. दुहेरी सुरांची, खर्ज-नर. ती दुरुस्तीला नेण्याऐवजी मी बेळगावहून नवी कोरी पेटी आणली. जुनीकडे बघवत नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण.

मग मी पुन्हा पेटी वाजवण्याचा बेत आखला. पहाटे रियाज, वहीत नोंद, तबल्यासाठी मोबाइलवर ॲप. आणि सुरुवात कुठून केली? ज्या द्रुत पदावर एकेकाळी टाळ्या मिळायच्या, तिथूनच. करंगळी वळेना. अनामिका पट्टीवर पडायची, पण उशिरा. डावा हात भात्यावर थकायचा आणि सूर मधेच बसायचा. कानात जुनी लय पक्की आणि बोटं तिच्या मागे फरपटत येणारी. रोज उठून मी आपल्याच तरुणपणाशी शर्यत लावत होतो आणि रोज हरत होतो. त्यावरही समाधान नाही म्हणून वाजवलेलं फोनवर रेकॉर्ड करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू लागलो. पोरं अंगठे पाठवायची. कुणी काही लिहिलं नाही की दिवसभर मी घरच्यांवर चिडायचो.

या काळातली एक गोष्ट अजून सलते. शेजारची एक मुलगी, चौथी-पाचवीतली, पेटीचा आवाज आला की दारात येऊन उभी राहायची. एकदा धीर करून म्हणाली, “आजोबा, मी दाबून बघू?” मी तिला आधी मांडी घालून नीट बस म्हटलं. मग बोटं कशी ठेवायची ते दाखवलं आणि सा लावून घेत बसलो. तिला शाळेच्या स्नेहसंमेलनातलं एक गाणं वाजवून बघायचं होतं. “ते नंतर,” मी म्हणालो. नंतर ती आलीच नाही. नवी पेटीही महिन्या-दोन महिन्यांत झाकणाखाली गेली. पहिल्या वेळी पेटी सुटली तेव्हा राग तरी होता. या वेळी वाटलं की आपल्यातलं ते संपलंच.

कार्तिक लागला. काकडआरतीला पेटी वाजवणारा पोरगा कामासाठी गोव्याला गेला होता. मंडळातले दोघे सांगायला आले. मी नाही म्हणून पाहिलं. त्यांनी पेटी उचलली आणि चालू लागले, म्हणून मागोमाग गेलो.

तिथे एक म्हातारबाबा अभंग धरतात. सूर विचारायची त्यांना सवय नाही. पहाटेच्या घशाला जो सापडेल तिथून सुरू. त्या दिवशी त्यांचा सा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी लागला. पेटीत असा सूर नाहीच. 1940 साली रेडिओवरून पेटीला हद्दपार केलं गेलं आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. तेव्हा तक्रार याच जातीची होती: तिचे सूर ठरीव, दोन पट्ट्यांच्या मधलं तिला काही सांगता येत नाही, मींड येत नाही. मला ती तक्रार कधी पटली नव्हती. त्या पहाटे पटली. एरवी मी माझी पट्टी दणकून दाबली असती आणि त्यांना ओढत आणलं असतं. पण बोटांवर भरवसा उरला नव्हता म्हणून हात उचलून नुसता ऐकत बसलो. दुसऱ्या चरणाला त्यांचा आवाज तापला, किंचित चढला आणि पांढरी दोनजवळ आला. मी हळूच सा धरला, मग पंचम. एवढंच. भाता अगदी सावकाश. त्यांनी डोळे न उघडता आणखी जरासा सूर उचलला आणि नेमके त्या सा वर येऊन बसले. टाळकऱ्यांनी ते ओळखलं. टाळ एकदम एकजीव झाले. माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात एवढं कमी मी कधी वाजवलं नव्हतं आणि एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

पुढे काही दिवस कुमार गंधर्व मनात घोळत राहिले. ते आमच्याच जिल्ह्यातले, सुळेभावीचे. 1924 चा जन्म. लहानपणीच मैफली गाजवलेल्या. आणि ऐन भरात 1947 साली क्षय झाला. हवापालटासाठी माळव्यात देवासला गेले. गाणं पूर्ण बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर पडत होती, ती ते ऐकत राहिले. नवं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, आणि पत्नी भानुमती यांची शुश्रूषा यांमुळे वाचले आणि 1953 च्या सुमारास पुन्हा गायला बसले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं. पूर्वीचा दमसास कुठून येणार? त्यांनी तो परत आणायचा आटापिटा केला नाही. छोट्या, धारदार स्वरवाक्यांतून त्यांचं नवं गाणं उभं राहिलं आणि लोकधुनांतून नवे राग निघाले. ‘अनूपरागविलास’ हे त्यांचं बंदिशींचं पुस्तक 1965 साली आलं. त्यांच्या नखाची सर मला नाही, हे जाणूनच लिहितो आहे. पण माझं चुकलं कुठे, ते मला त्यांच्यामुळे कळलं. न वाजवलेली वर्षं वाया गेली असं धरून मी ती भरून काढायला धावत होतो. त्या वर्षांत मी दुसऱ्यांची पुष्कळ भजनं मागच्या रांगेत बसून ऐकली होती. पहाटे हात उचलून थांबायचं बळ तिथूनच आलं असावं.

जुनी पेटी आता दुरुस्त झाली आहे. भाता नवा, सूर घासून लावलेले. मंद्रातला एक अजून नीट बोलत नाही. कारागीर म्हणतो, बदलावा लागेल. नवी पेटी मंडळाला दिली. गोव्याचा पोरगा सणाला येतो तेव्हा पेटी त्याचीच, मी टाळ घेतो. तो फार भरतो, माझ्यासारखाच. एकदा सांगितलं, पुन्हा सांगेन. आणि शेजारणीला सांगून ठेवलं आहे, पोरीला अजून आवड असेल तर शाळेची परीक्षा झाली की पाठवा. या वेळी आधी तिचं गाणं.