वुजूची जागा

मागच्या वर्षी शाबानच्या महिन्यात अम्मी न्हाणीत घसरल्या. फजरच्या वुजूसाठी गेल्या होत्या. अल्लाहची कृपा, हाड मोडलं नाही. कमरेला मुका मार बसला आणि तीन आठवडे अंथरुणात गेले. मार बरा झाला, भीती मात्र गेली नाही. न्हाणीच्या उंबऱ्यापाशी आल्या की भिंत धरून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "डर लगता बाबा."

होईल हळूहळू कमी, असं आम्हाला वाटलं. मग ध्यानात आलं की मगरिबनंतर त्या पाणीच पीत नाहीत. रात्री उठावं लागू नये म्हणून. एके दिवशी त्यांनी नातीकडून अंगणातलं मातीचं ढेकूळ मागवलं, तयम्मुमसाठी. आणि स्वतःच कोड्यात पडल्या, पाणी दहा पावलांवर असताना तयम्मुम होईल का? मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, पाण्याने इजा होत नसेल आणि पाणी आणून देणारं घरात कोणी असेल, तर वुजूच करावा. तेव्हापासून आम्ही लोटा आणि घमेलं पलंगाशी नेऊ लागलो. पण आमची झोप मोडू नये म्हणून अम्मी फजरच्या कितीतरी आधीपासून अंधारात नुसत्या बसून राहायच्या. तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. इलाज अम्मींचा नव्हे, फरशीचा करायला हवा होता.

ती फरशी आमच्याच पसंतीची. घर बांधताना पांढरी चकचकीत टाइल निवडली, पाहुण्यांनी नावाजावी म्हणून. साबणाचं पाणी पडलं की तिचा आरसा व्हायचा. घरात एक जईफ माणूस आहे, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

नारायणगडाच्या आमच्या या भागात जुन्या घरांच्या ओसरीवर, मशिदीच्या वुजूखान्यात शहाबादी फरशीच दिसते. शहाबाद हे गाव आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. 1948पर्यंत बीड आणि ते, दोन्ही निजामाच्याच राज्यात होते. हा चुनखडीचा दगड जमिनीत थरावर थर असा असतो, त्यामुळे त्याच्या सपाट लाद्या निघतात. फुटलेला नैसर्गिक पृष्ठभाग किंचित खरबरीत राहतो आणि ओल्या पायाला तोच धरतो.

काम गावातल्या मिस्त्रींना दिलं. वयाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. गळ्यात तुळशीची माळ. गड म्हणजे धाकटी पंढरी, तेव्हा एकादशीला काम होणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. जुम्याच्या दुपारी ठोकाठोक नको, हे आम्ही. मामांची पहिली अट ही की दगडाला पॉलिश करायचं नाही. "गुळगुळीत केला तर पुन्हा तीच गत," म्हणाले.

जुनी टाइल काढली. खाली पाणी मुरू नये म्हणून लेप दिला आणि दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, कुठे झिरपतं का ते पाहायला. मग मामांनी लाद्या निवडल्या. दगड कारखान्यातून निघत नाही, एक लादी जाड तर दुसरी पातळ. म्हणून खालचा माल कमीजास्त करत वरची पातळी साधावी लागते. प्रत्येक लादी ठोकून ते कान लावायचे. आवाज पोकळ आला की लादी उचलून पुन्हा बसवायची.

उतार मात्र पहिल्या दिवशी चुकला. बादली ओतली तर कोपऱ्यात तळं साचलं. आम्ही म्हणालो, राहू द्या, फडक्याने पुसून घेऊ. मामा म्हणाले, "सर, फडकं रोज कोण मारणार? आजी?" दोन लाद्या काढल्या आणि फुटामागे पाव इंच असा उतार पुन्हा धरला. बीडच्या खजाना विहिरीचं पाणी कोणत्याही पंपाशिवाय नुसत्या उतारावर शेतात जातं, हे आम्ही वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो. घरच्या न्हाणीत तेच विसरलो होतो.

शौचाचं भांडं आधी पश्चिमेकडे तोंड करून होतं. ते उत्तर-दक्षिण फिरवून घेतलं, म्हणजे किबल्याकडे तोंडही नको आणि पाठही नको. वुजूची जागा वेगळी केली. खुर्चीच्या उंचीची दगडी बैठक, शेजारी भिंतीत पक्का लोखंडी दांडा आणि हाताशी नळ. तरी अम्मी लोटाच वापरतात. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे एका लिटरहूनही कमी पाण्यात वुजू करत, हे त्यांनी लहानपणी ऐकलेलं. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ही सुन्नत वेगळी समजावून सांगायला नको. वुजूचं पाणी आता पेरूच्या झाडाला जातं.

एक चूक आमच्या हातून झालीच. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडले, ते काढायला ईदच्या आधी जुन्या सवयीने ॲसिड टाकलं. फरशी फसफसली आणि तेवढी जागा खाऊन गेली. चुनखडीचा दगड आम्लाने विरघळतो. लिंबू, व्हिनेगरसुद्धा त्याला चालत नाही. आता साधा साबण, मऊ ब्रश आणि वापर झाला की फरशीवरून रबरी पुसणी, एवढंच. तो डाग तसाच आहे. बघणाऱ्याने खुशाल नावं ठेवावीत.

काम संपल्यावर आम्ही आठ दिवस फरशी ओली ठेवली. नवव्या दिवशी अम्मींना हात धरून आत नेलं. त्यांनी चप्पल काढून अनवाणी पाय टेकवला, एकदा मागेपुढे घासून पाहिला आणि आमचा हात सोडला.

दुसऱ्या दिवशी फजरच्या आधी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. उठून धावावंसं वाटलं, पण आम्ही पडूनच राहिलो. थोड्या वेळाने अम्मी दारात आल्या, ओल्या हाताने दार वाजवलं आणि म्हणाल्या, "उठा, वक्त होतोय."

आपापल्या घरची न्हाणी एकदा घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या पायांनी चालून पाहावी, एवढीच विनंती. अल्लाह आपल्या सर्वांच्या वडीलधाऱ्यांना सलामत ठेवो. आमीन.