गाडी कुणाला ओळखते?

गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर आपल्याकडे निदान करणारे डॉक्टर गल्लीतच मिळतात. बॅटरी उतरली असेल, पेट्रोल संपलं असेल, 'जरा धक्का मारून बघू या का?'... ही सगळी यादी प्रत्येकाला तोंडपाठ असते. पण गेल्या काही वर्षांत या यादीत एका नव्या दुखण्याची भर पडली आहे. आणि खरं सांगायचं तर ते दुखणंच नव्हे. गाडी अगदी ठणठणीत असते. तिला फक्त समोरचा माणूस चोर वाटत असतो!

या संशयी प्राण्याचं नाव इमोबिलायझर. माझी त्याच्याशी ओळख झाली ती सांगलीत, आईच्या गाडीच्या निमित्तानं.

आमची आई आता ६७ वर्षांची आहे. शाळेतून रिटायर झाली तेव्हा, म्हणजे ५८व्या वर्षी, बाबांनी तिला गाडी शिकवली. "आता तू शिक, मला बाजूला बसून झोपायचंय," असं ते म्हणायचे. बाबा एका आषाढात गेले. त्यानंतर गाडी आईचीच झाली. दर गुरुवारी ती मिरजेला मावशीकडे जाते. मावशी अंथरुणाला खिळलेली आहे. आई तिला जेवण करून नेते, तिची वेणी घालते, संध्याकाळी परत येते. लांब नाही काही, पण आईचा आठवडा त्या गुरुवाराभोवती फिरतो.

तर बाबा गेले त्याच वर्षी हिवाळ्यात गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पेट घ्यायचं नाही. दोन-तीनदा किल्ली काढून घातली की मुकाट्यानं सुरू! एका गुरुवारी मिरजेच्या मार्केटमध्ये मात्र वीस मिनिटं अडून बसली. मागे रिक्षांची रांग, हॉर्न, आणि सल्ले देणारे दहाजण. आई घामाघूम.

मग काय, नातेवाईकांचं संमेलनच भरलं. मामा म्हणाला, "ताई, या वयात कशाला हवी गाडी?" मेलबर्नहून दादाचा फोन, "आपण ती विकून टाकू या." वहिनीला वाटलं, आईंची घाई होत असेल. गॅरेजवाल्यानं आधी बॅटरी बदलली. पुन्हा तेच झाल्यावर म्हणाला, "काकू, चावी नीट फिरवताय न्हवं?" तिसऱ्या खेपेला त्यानं 'कॉम्प्युटर बदलायला लागंल' असं सांगून पंचवीस-तीस हजारांचा आकडा काढला.

(मामा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. रागावू नकोस!)

मला खर्चाचं एवढं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते आईच्या एका वाक्याचं. फोनवर म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल गं." आणि सलग दोन गुरुवार ती मिरजेला गेलीच नव्हती.

शनिवारी मी पुण्याहून सांगलीला गेले.

मी काही मेकॅनिक नाही. पण ऑफिसमध्ये माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं आहे, आणि त्या धंद्यातला पहिला प्रश्न एकच असतो: हे कधीपासून होतंय, आणि त्या सुमाराला काय बदललं? आईला विचारलं. "दिवाळीनंतर," ती लगेच म्हणाली. इतके दिवस तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी तिचं वय तेवढं विचारलं होतं.

गाडीत बसून किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा एक लहानसा दिवा आहे. एरवी तो दोन-तीन सेकंद लागून विझतो. या वेळी तो भराभर लुकलुकत राहिला. गाडीच्या पुस्तकात त्याचा अर्थ स्पष्ट लिहिला होता: किल्ली ओळखता आली नाही.

आता ही ओळख पटते कशी, ते थोडक्यात सांगते. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिमुकली चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. (किल्लीत सेल असतो तो रिमोटनं दार उघडायचा.) इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली फिरवली की ते वेटोळं साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं, आणि त्या लहरींतूनच चिपला बोलण्यापुरती वीज मिळते. बऱ्याच गाड्यांत पुढचा प्रकार तर शाळेच्या तोंडी परीक्षेसारखा असतो. गाडी दर वेळी एक नवा आकडा विचारते, चिप त्यावर आपलं गुप्त गणित करून उत्तर देते. उत्तर बरोबर आलं तर इंजिनाला इंधन नि ठिणगी मिळते, नाहीतर नाही. म्हणूनच कोपऱ्यावरच्या चावीवाल्यानं कापून दिलेल्या बिनचिपच्या डुप्लिकेट किल्लीनं दार उघडतं, स्टिअरिंगचं लॉक सुटतं, पण गाडी काही हलत नाही.

कालिदासाचा दुष्यंतच म्हणा ना. अंगठी दाखवा, मग ओळखतो!

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईच्या हातातली किल्ली नीट पाहिली. पितळी गणपतीच्या कडीत एक नव्हे, दोन किल्ल्या होत्या. एक तिची, एक बाबांची. दिवाळीच्या साफसफाईत बाबांच्या टेबलाचा ड्रॉवर आवरताना तिला त्यांची किल्ली सापडली होती. "म्हटलं, असू दे बरोबर."

मग लक्षात आलं. वेटोळ्यानं हाक मारली की आईच्या किल्लीची चिप 'ओ' देणार, आणि शेजारी लोंबणारी बाबांची किल्ली पुरेशी जवळ असली तर तीही त्याच क्षणी 'ओ' देणार. दोघं एकदम बोलले की गाडीला कुणाचंच धड ऐकू येत नाही. आणि ही चौकशी फक्त किल्ली फिरवतानाच होते. त्यामुळे त्या क्षणी दुसरी किल्ली खाली लोंबत असली तर गाडी सुरू, आणि इग्निशनला चिकटून असली तर बंद. म्हणजे गाडी कधी चालणार नि कधी नाही, हे ती किल्ली कशी लटकते त्यावर ठरत होतं.

खात्री करून घ्यायला हवी होती. नुसत्या आईच्या किल्लीनं वीस वेळा गाडी सुरू केली. वीसही वेळा झाली. नुसत्या बाबांच्या किल्लीनं वीस वेळा. तीही झाली. मग दोन्ही एका कडीत घालून वीस वेळा, तर सात वेळा नकार. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते, त्यांना वाटलं असणार पोरगी कामातून गेली!

आईला सांगितलं. ती बराच वेळ दोन्ही किल्ल्या हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं."

"नव्हतं, आई."

"आणि ह्यांची किल्ली कुठे ठेवू मग?"

ती आता देवघराच्या खालच्या कप्प्यात असते. महिन्यातून एकदा आई तिनं गाडी सुरू करून बघते, चालते की नाही म्हणून. गॅरेजच्या पंचवीस-तीस हजारांची गरज पडली नाही. विकायचा विषय दादानं पुन्हा काढलेला नाही.

इमोबिलायझर हे तसं फार उपयोगी यंत्र आहे, उगाच त्याला शिव्या नकोत. युरोपात नव्या मोटारींना ते १९९८ पासून सक्तीचं आहे, दादाच्या ऑस्ट्रेलियात २००१ पासून. अमेरिकेत तशी सक्ती झाली नाही, आणि २०२२ मध्ये तिथे ह्युंदाई आणि किया यांच्या इमोबिलायझर नसलेल्या मॉडेल्सच्या चोऱ्यांची लाट आली, इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून पोरं गाड्या पळवायला लागली. अर्थात हे यंत्र काही अजिंक्य नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी त्या काळी खूप वापरात असलेल्या एका चिपचं ४० बिटांचं गुपित फोडून दाखवलं होतं. तरी साध्या चोराला ते थोपवतंच.

मला मात्र त्याची दुसरीच गोष्ट आवडली. त्याला आईचं वय कळत नाही. बाई की पुरुष, एकटी की कुणाबरोबर, हेही कळत नाही. त्याला फक्त किल्ली कळते. किल्ली पटली की ते बाजूला होतं, आणि पुन्हा गाडी बंद करेपर्यंत एक शब्द काढत नाही. आम्ही घरातली माणसं मात्र रोज फोन करून आईला तिथल्या तिथे थांबवत होतो, तेही अगदी काळजीनं.

असो. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी तो दिवा बघा. लुकलुकत असेल तर कडीतलं बाकी सगळं, विशेषतः दुसरी चिपवाली किल्ली, काढून एकट्या किल्लीनं प्रयत्न करा. मग दुसरी किल्ली एकटी वापरून बघा. दुसरी चालली नि पहिली नाही, तर दोष बहुधा पहिल्या किल्लीत. दोन्ही चालल्या नाहीत तर बॅटरी तपासा आणि मग स्कॅनर असलेल्या गॅरेजकडे जा. बटणाची गाडी असेल आणि रिमोटचा सेल संपला असेल, तर बऱ्याच मॉडेल्समध्ये किल्ली थेट बटणाला टेकवून गाडी सुरू होते. नेमकी जागा पुस्तकात दिलेली असते. दुसरी किल्ली हरवू देऊ नका, दोन्ही गेल्या तर खर्च फार येतो.

आणि गाडी चालवणाऱ्याला आधी विचारा, "कधीपासून होतंय हे?" त्याला, किंवा तिला, बहुतेक वेळा माहीत असतं.