सोन्याची वंशवेल

कुलवृत्तांताला टीकाकार वाङ्मय मानीत नाहीत. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारखीला ही पुस्तके फार प्रिय. दीडदोनशे वर्षांपूर्वीची माणसे त्यांत एकेका ओळीत मुकाट बसलेली असतात. अमुक गावी जन्म, तमुक खात्यात नोकरी, प्रथम पत्नी निवर्तल्यावर द्वितीय संबंध, मुलगे चार, कन्या तीन. मुलग्यांच्या शाखा पुढल्या पानांवर फोफावत जातात आणि कन्या ‘दिल्या’ या एका क्रियापदापाशी संपतात. आपल्या भाषेत मुलगी ‘देतात’ आणि सून ‘करून आणतात’. या दोन क्रियापदांच्या मधे त्या मुलीचे काय झाले, हे कुलवृत्तांत सांगत नाही. आम्हां लेखकांची भाकरी नेमकी त्या जागेवर भाजली जाते.

कुळ, घराणे, सोयरीक हा सारा आपलाच पसारा, अमेरिकेतल्या माणसाला त्याचे काय, अशी आपली एक समजूत असते. ती घालवायची तर न्यूयॉर्कच्या व्हँडरबिल्ट घराण्याची वंशावळ मांडून पाहावी. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी एकमेकींना चिकटवून मी ती एका मे महिन्याच्या सुटीत मांडली. वाटले होते, या कागदावर आगबोटी आणि आगगाड्या धावताना दिसतील. दिसली ती लग्ने!

मूळपुरुष कॉर्नेलियस. जन्म १७९४, स्टेटन बेटावरचा. बाप शेतकरी आणि जोडीला होडीवाला. सोळाव्या वर्षी पोराने आईकडे होडीसाठी शंभर डॉलर मागितले. आईने म्हणे अट घातली, की घरचा खडकाळ तुकडा नांगरून पेरून दे, मग पैसे ने. पोराने तो पेरला, होडी घेतली आणि माणसे पैलतीराला नेऊ लागला. होडीच्या आगबोटी झाल्या आणि आगबोटींच्या पुढे आगगाड्या. १८७७ साली तो वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे दहा कोटी डॉलर होते.

ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे आणि अमेरिकेत सांगतातही. पण वंशावळीत त्याच्या नावाला जोडून दुसरे एक नाव आहे. सोफिया जॉन्सन, नात्यातलीच मुलगी. लग्न १८१३ सालचे. नवरा दुसऱ्याच्या आगबोटीवर कप्तान होता त्या वर्षांत तिने न्यू ब्रन्सविक गावी प्रवाशांसाठी खाणावळ चालवली आणि त्या कमाईवर घर ओढले. मुले तेरा झाली. पुढे १८४६त, घरात लक्ष्मी पाणी भरू लागली असता, नवऱ्याने तिला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. ती १८६८ साली गेली. वर्ष सव्वा वर्षात म्हाताऱ्याने दुसरे लग्न केले. नवी नवरी त्याच्याहून पंचेचाळीस वर्षांनी लहान, आणि तिचे नाव, मी चुकून लिहीत नाही, फ्रँक होते! बापाने आपल्या मित्राचे नाव मुलीला ठेवले होते. या दुसरीच्या शब्दाखातर त्याने नॅशव्हिलच्या विद्यापीठाला दहा लाख डॉलर दिले. ते विद्यापीठ आज व्हँडरबिल्टच्याच नावाने चालते. खाणावळवालीच्या नावाने काही चालते असे मला आढळले नाही.

मृत्युपत्र उघडले तेव्हा दहा कोटींतले सुमारे साडेनऊ कोटी एकट्या थोरल्या विल्यमला गेले. हा तोच मुलगा, ज्याला बापाने मठ्ठ समजून बरीच वर्षे शेतावर ठेवले होते. मुलींच्या वाट्याला काही लाख आले आणि भावंडे कोर्टात गेली. मठ्ठ समजलेल्या विल्यमने आठ वर्षांत बापाचे द्रव्य जवळपास दुप्पट केले आणि १८८५ साली तोही गेला. वर्गात मागल्या बाकावर बसणाऱ्या मुलांविषयी मी आता जपून बोलते, त्याचे एक कारण हा विल्यम आहे.

इथवर वेल पैशाने वाढली. तिसऱ्या पिढीत पैसा होता, पण मान नव्हता. न्यूयॉर्कमध्ये जुन्या घराण्यांची एक अघोषित पंगत होती आणि तिचे बोलावणे मिसेस अ‍ॅस्टर यांच्या हातात. होडीवाल्याच्या नातसुनेला तिथे पाट मिळत नव्हता. ही नातसून म्हणजे अल्वा, नातू विल्यम किसम याची बायको. माहेर दक्षिणेतल्या अलाबामाचे, नाव जुने, पैसा आटलेला. बाई विलक्षण हिकमती. तिने १८८३च्या मार्चमध्ये नव्या वाड्यात वेषांतराचा नाच ठरवला, हजारावर निमंत्रणे काढली आणि अ‍ॅस्टरबाईंच्या मुलीला तेवढे वगळले. निरोप असा, की त्यांची आमची ओळख नाही, ओळख नसलेल्या घरी बोलावणे कसे धाडावे? ती पोरगी तर मैत्रिणींबरोबर नाच बसवून तयार! अखेर अ‍ॅस्टरबाईंची गाडी अल्वाबाईंच्या दारी आली आणि आत चिठ्ठी गेली, अशी ही हकीकत सांगतात. हळदीकुंकवाच्या बोलावण्यावरून दोन आळ्यांत वर्षभर बोलणे बंद झालेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

मान मिळाला. पण मानाचा गुण पैशासारखाच आहे. मिळाला की आणखी हवा होतो. अल्वाला आता राजघराण्यांच्या जवळपासचे काहीतरी हवे होते, आणि त्यासाठी तिच्याजवळ एक मुलगी होती.

कॉन्सुएलो १८७७ साली जन्मली. धडे गिरवताना ताठ बसावे म्हणून तिच्या पाठीला लोखंडी कांब बांधीत. पट्टा एक कमरेला, एक कपाळावर. चोवीस वर्षे मी वर्गात ‘ताठ बसा’ म्हणून ओरडते आहे, पण ही युक्ती वाचून माझी मान खाली गेली. त्या कांबेने तिचा कणा खरेच सरळ झाला आणि पुढे तिच्या उभे राहण्याची सारे तारीफ करीत. कण्यात आणखीही काही असते, ते मात्र आईने आपल्या मुठीत ठेवले होते.

या गोष्टीचा एक धागा आपल्या भूमीवरून गेला आहे. १८९३च्या अखेरीस ‘व्हॅलिअंट’ नावाच्या घरच्या बोटीतून ही मंडळी मुंबईस उतरली आणि आगगाडीने कलकत्त्याला गेली. तिथे मायलेकी व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या घरी पाहुण्या होत्या. लेडी लॅन्सडाउन ही इंग्लंडातल्या तरुण ड्यूक ऑफ मार्लबरोची मावशी. मावशीच्या घरी भाच्याचे स्थळ सुचावे, यासारखी दुसरी आपली ओळखीची गोष्ट नाही! ब्लेनिमचा अवाढव्य वाडा, मागे लढाया जिंकलेले पूर्वज, आणि वाड्याच्या छपराला लागणारा पैसा नाही. स्थळ म्हणजे असेच असते. एका बाजूला वाडा, दुसऱ्या बाजूला छपराचा खर्च.

मुलीचे मन विन्थ्रॉप रदरफर्ड नावाच्या न्यूयॉर्कच्याच एका तरुणावर होते. आईला कळल्यावर पत्रे अडवली गेली. न्यूपोर्टच्या संगमरवरी घरात तिच्यावर पहारा बसला. एक कोटी दहा लाख डॉलर त्या घराला लागले, त्यांतले सत्तर लाख नुसत्या संगमरवराला. पण त्यातून बाहेर पडायला तिला वाट नव्हती. आई म्हणाली, त्या मुलाला मी गोळी घालीन. मग निरोप आला, की आईचे हृदय बिघडले आहे, तू हट्ट धरलास तर ती जगणार नाही. गोळीला मुलगी भ्याली नसती कदाचित. हृदयापुढे ती हरली. उंबरठ्याच्या आत चालणारी हत्यारे सगळ्या देशांत एकाच लोहारशाळेत घडतात की काय, न कळे.

६ नोव्हेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट टॉमस चर्चमध्ये लग्न लागले. नवरी त्या सकाळी इतकी रडली होती की चर्चमध्ये पोचायला उशीर झाला. नवऱ्याला पंचवीस लाख डॉलरांचे आगगाडीचे शेअर मिळाले आणि त्यांवर दरसाल किमान चार टक्क्यांची रेल्वे कंपनीची हमी. आपल्याकडे १९६१ साली हुंड्याविरुद्ध कायदा झाला; तो होऊनही हुंडा कुठकुठली रूपे घेतो हे वाचकांना मी सांगायला नको, पण त्याला टक्केवारीची हमी जोडलेली मी दुसरीकडे वाचली नाही. नवरदेवाचेही मन इंग्लंडात दुसरीकडेच गुंतलेले होते. दोन माणसे एका छपरासाठी दिली गेली. आणि अल्वाबाईंनी? नवऱ्यापासून त्यांनी त्याच वर्षी काडीमोड घेतला होता. मुलीच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले आणि त्यांनी आपल्या आवडीच्या ऑलिव्हर बेलमाँटशी लग्न केले.

इथे मला जरा थांबले पाहिजे. मागे एका वैशाखात माझी एक जुनी विद्यार्थिनी आईबरोबर पत्रिका द्यायला आली. मुलगी गणितात तेज, कॉलेजचे दुसरे वर्ष चाललेले. आई स्थळाचे वर्णन भरभरून करीत होती; बागायत, शहरात फ्लॅट, मागणे काही नाही. मी मुलीला विचारले, “तुला पसंत आहे ना गं?” तिने उत्तर देण्याआधी आईकडे पाहिले. आई हसून म्हणाली, “तिला काय कळतंय बाई, आम्ही काय तिचं वाईट करणार आहोत?” आईचे बोलणे खोटे नव्हते. कोणतीच आई वाईट करायला निघत नाही. अल्वाही निघाली नव्हती. आपल्याला पाट नाकारला गेला तो मुलीला कुणी नाकारू नये, एवढेच तिला हवे होते. चहा झाला, त्या गेल्या, आणि ते आईकडे वळून पाहणे माझ्याकडे राहिले.

कॉन्सुएलोला दोन मुलगे झाले. वाड्याला वारस मिळाला. १९०६ साली नवराबायको वेगळी राहू लागली. ती लंडनच्या गरीब बायकांच्या कामात शिरली, पुढे लंडन काउंटी कौन्सिलवरही बसली. १९२१त काडीमोड झाला आणि त्याच वर्षी तिने जाक बालसाँ या फ्रेंच माणसाशी लग्न केले. हे तिचे स्वतःचे. पण बालसाँचे घराणे कॅथलिक. त्यांच्या लेखी पहिले लग्न रद्द ठरायला हवे होते, आणि ते मुळात जबरीने झाले हे सिद्ध झाले तरच रद्द होणार होते. जबरी केली कुणी? आईने. साक्ष द्यायची कुणी?

अल्वा एव्हाना सत्तरी ओलांडलेली. बेलमाँट १९०८ साली वारल्यावर तिने आपला पैसा आणि आपला सारा दांडगेपणा स्त्रियांच्या मताधिकारासाठी लावला होता. ज्या न्यूपोर्टच्या घरात मुलीला कोंडले, त्याच घरी १९१४ साली स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली, आणि तिथे कॉन्सुएलो सन्मानाची पाहुणी होती. अशा या मानी बाईने १९२६ साली धर्मन्यायालयापुढे शपथेवर सांगितले, की मुलीवर माझी सर्व सत्ता होती; हे लग्न कर म्हणून मी तिला विनवले नाही, हुकूम केला. साऱ्या वर्तमानपत्रांतून ते छापून आले. लग्न रद्द झाले. लेकीजवळ राहता यावे म्हणून आई फ्रान्सात जाऊन राहिली आणि १९३३ साली पॅरिसला वारली. न्यूयॉर्कमध्ये अंत्यसंस्कार झाले ते त्याच सेंट टॉमस चर्चमध्ये.

कादंबरीत मी असे लिहिले तर संपादक म्हणतील, बाई, खाष्ट आईचे हे परिवर्तन जरा ओढूनताणून वाटते. मला ते परिवर्तन वाटतच नाही. जबरी करायला जो कणा लागला, तोच कबुली द्यायलाही लागला असेल.

वेल पुढेही चालू आहे. चुलत शाखेतली ग्लोरिया दीड वर्षाची असताना तिचा बाप गेला आणि लाखो डॉलर तिच्या नावे राहिले. १९३४ साली आई आणि आत्या तिच्या ताब्यासाठी कोर्टात भांडल्या. दहा वर्षांची पोर आत्याला मिळाली आणि आईला शनिवार-रविवार. तिने पुढे चार लग्ने केली, आणि पन्नाशीनंतर स्वतःच्या नावाच्या जीन्स विकून स्वतः पैसा कमावला. पंचाण्णव वर्षांची होऊन ती २०१९ साली वारली. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे वाडे केव्हाच पडले. न्यूपोर्टचे संगमरवरी घर आता तिकीट काढून पाहता येते.

कॉन्सुएलो १९६४ साली गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला पुरले ते इंग्लंडात ब्लेडन गावी, ब्लेनिमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, कारण धाकट्या मुलाची कबर तिथे होती. ज्या वाड्यातून सुटायला तिला सव्वीस वर्षे लागली, त्याच्याच सावलीला ती आपण होऊन परत गेली. या खेपेला तिला कुणी पाठवले नव्हते.

माझ्या चिकटवलेल्या कागदांवर आता प्रत्येक कन्येच्या नावापुढे एक जादा रकाना आहे. त्याचा मथळा, ‘तिला विचारले होते काय?’ बहुतेक रकाने कोरे आहेत. तिथे काय लिहायचे हे सांगणारे कुणी उरले नाही. एका रकान्यात मात्र ‘नाही’ असे स्पष्ट लिहिता आले. ते उत्तर एकतीस वर्षे उशिरा आले. पण ते तिच्या आईने दिले होते.