गार पडलेले पाय

विंचू चावलेला माणूस विव्हळत दवाखान्यात आला की मला थोडा धीर येतो. जो गप्प आहे, घामानं निथळतोय, उलट्या करतोय आणि ज्याचे हातपाय गार पडलेत, त्याच्याकडे मी आधी धावतो. कोकणात नव्यानं आलेल्या डॉक्टरला हा फरक पहिल्या काही दिवसांतच शिकवावा लागतो. तो आम्हाला शिकवता येतो, कारण डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्री काढून तो टिपून ठेवला.

बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशानं फुप्फुसात पाणी भरून माणूस दगावतो, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कळवलं होतं. तरीही उपचार तेच ठरीव होते: ॲलर्जीची औषधं, स्टिरॉइड, ॲट्रोपिन. गंभीर दंशाचे शंभरातले चाळीसेक रुग्ण तेव्हा दगावत. भाताच्या पेंढ्यात, लाकूडफाट्यात, जांभ्याच्या गडग्यात हात घालणारी धडधाकट माणसं आणि त्यांची पोरं.

मोठ्या रुग्णालयात असा रुग्ण पोहोचेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं. आरोग्य केंद्रात मात्र दंशानंतर तासाभरात तो समोर असतो. नाडी, रक्तदाब, घाम, पायांचा स्पर्श पुन्हा पुन्हा पाहत बसलं की दुखण्याचा क्रम उलगडतो. विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, ॲड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब चढतो आणि शेवटी हृदय थकतं. या धोक्याच्या पूर्वखुणांवरचा बावस्करांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. छापील निबंधात अशा रात्रीची एखादी ओळ होते. बाहेर ओट्यावर बसलेली आई, मंत्रानं विंचू उतरवण्यात गेलेले तास, यांतलं त्यात काही येत नाही. माझ्या मते ते यायला हवं. उशीर कुठे झाला, हेही रोगाच्या इतिहासात मोडतं.

आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या, तर रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी नेमकी तेच करते. १९८६ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मधूनच तिचा अनुभव मांडला. गोळी दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवायचं, नाहीतर दाब एकदम उतरतो. पाय ऊबदार होईपर्यंत ठरावीक अंतरानं ती पुन्हा द्यायची. गंमत अशी, की रुग्ण सावरू लागला की दंशाची जागा ठणकू लागते. नातेवाईक घाबरतात आणि आम्हाला बरं वाटतं. या उपचारानं मृत्यूचं प्रमाण शेकडा एकच्या आसपास आलं.

मला त्यांचा सर्वांत मोठा वाटणारा निबंध मात्र यानंतरचा आहे. हाफकिननं बनवलेलं विंचवाचं प्रतिविष हाती आल्यावर पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांची चाचणी घेतली. ३५ जणांना नुसती प्राझोसिन, ३५ जणांना जोडीला प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ज्या गोळीनं त्यांचं नाव जगभर नेलं, ती एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतः मोजून छापलं. एवढा प्रामाणिकपणा मी फार थोड्या संशोधकांत पाहिला आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला आधी ही चाचणीच आठवली.

प्रतिविष सगळीकडे असतंच असं नाही. म्हणून वाडीवस्तीवरच्या केंद्रांत जाणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी सांगतो: अशी लक्षणं दिसली की प्राझोसिन आधी द्या, आणि मगच रुग्णाला गाडीत घाला.