दुपारी बारा वाजताचा रंकाळा

इन्फ्रारेड फोटो काढणाऱ्याचं घड्याळ उलटं चालतं. बाकीचे फोटोग्राफर पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर हजर असतात आणि ऊन चढलं की कॅमेरा गुंडाळतात. आम्ही एप्रिलच्या भर दुपारी शालिनी पॅलेसच्या बाजूला ट्रायपॉड लावतो. स्क्रीनवर झाडं पांढरीशुभ्र आणि पाणी काळं दिसलं की कुणीतरी विचारतंच, ''काय भावा, रंकाळ्यावर बर्फ पडलाय व्हय?''

बर्फ कसला, ही पानांचीच करामत. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतं, थोडा हिरवा परत पाठवतं. पण 700 नॅनोमीटरच्या पुढचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पानाच्या कामाचा नसतो. आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या त्यातला जवळपास निम्मा बाहेर उधळतात. पाणी मात्र तो गिळून टाकतं. आकाशही काळवंडतं, कारण हवा निळ्या प्रकाशासारखं याला विखरू शकत नाही. असे फोटो 1910 मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी प्रसिद्ध केले, म्हणून या परिणामाला 'वूड इफेक्ट' म्हणतात. यात उष्णता दिसते, हा गैरसमज मात्र काही केल्या जात नाही. उष्णता टिपणारे कॅमेरे साधारण 8 ते 14 मायक्रॉनवर काम करतात. आमचा सगळा कारभार एका मायक्रॉनच्या आसपासच आटोपतो.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला हा प्रकाश जन्मजात दिसतो, पार 1100 नॅनोमीटरपर्यंत. कंपन्याच त्याच्यापुढे काच बसवून तो अडवतात, आणि त्याला कारण आहे. लायकाच्या 2006 सालच्या एम8 कॅमेऱ्यात ही गाळणी कमकुवत होती. कृत्रिम धाग्याचे काळे कपडे किरमिजी दिसू लागले आणि कंपनीला ग्राहकांना फिल्टर वाटावे लागले. तुमचा कॅमेरा किती अडवतो हे पाहायचं असेल तर टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर ठिपका चमकला तर वाव आहे.

मग दोन वाटा. लेन्सवर 720 नॅनोमीटरचा फिल्टर लावायचा, तो जवळजवळ काळाच दिसतो. एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं होतं आणि वाऱ्यावर डोलणारा ऊस फोटोत धुरासारखा पसरतो. मला तो पसारा आवडतो. दुसरी वाट म्हणजे सेन्सरपुढची काच काढून कॅमेरा कायमचा इन्फ्रारेडसाठी ठेवणं. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही सणसणीत झटका देतो.

तिसरी वाट ॲपची. बटण दाबलं की हिरवं ते सगळं पांढरं! तिच्याशी माझं भांडण आहे. ॲपला फक्त रंग कळतो, पदार्थ कळत नाही. झाडाचं पान, हिरवी ताडपत्री आणि हिरव्या रंगाचा दरवाजा त्याच्या लेखी एकच. खऱ्या इन्फ्रारेडमध्ये पान उजळतं. ताडपत्रीचं आणि दरवाजाचं काय होईल हे रंगात काय कालवलंय त्यावर ठरतं. शेजारी उभ्या दोघांचे काळेभोर शर्ट घ्या, एक काळाच राहतो आणि दुसरा पांढुरका होतो. हे फोटो काढल्याशिवाय कळत नाही, आणि म्हणूनच तर काढायचे.

याचा खरा उपयोग पाण्यावर दिसतो. शेवाळानं हिरवट झालेलं पाणी आणि त्यावरचं केंदाळ नुसत्या डोळ्यांना एकमेकांत मिसळलेलं वाटतं. इन्फ्रारेडमध्ये पाणी काळं पडतं आणि केंदाळाचा पुंजका न् पुंजका पांढरा उठून दिसतो. पंचगंगेवर केंदाळ कुठवर आलंय हे दाखवायला याहून सोपं साधन मला माहीत नाही.

आपल्या देशातल्या दूरसंवेदनाची सुरुवातही अशीच झाली. 1970च्या सुमाराला शास्त्रज्ञ पिशारोटी यांनी केरळमधल्या रोगट नारळबागांचे इन्फ्रारेड फिल्मवर हवेतून फोटो घेतले. रोगट माडांची पानं इन्फ्रारेड प्रकाश निरोगी पानांसारखा परतवत नाहीत, हा त्यामागचा हिशोब. पुढे 1988च्या मार्चमध्ये आयआरएस-1ए उपग्रह गेला, त्याच्या कॅमेऱ्यातही इन्फ्रारेडचा पट्टा होता. अशा चित्रांत इन्फ्रारेडला लाल रंग देण्याची पद्धत आहे, त्यामुळे हिरवीगार पिकं तिथं लालभडक दिसतात.

तीच पद्धत मी पन्हाळ्याच्या तटावरून वापरतो. एक फोटो साधा, एक इन्फ्रारेड, दोन्ही एकावर एक बसवायचे आणि इन्फ्रारेडला लाल रंग द्यायचा. उभा ऊस लालबुंद येतो. तोड झालेल्या फडातलं वाळकं पाचट बऱ्यापैकी उजळ, पण फिक्कं. पाचट पेटवलेलं रान मात्र काळंठिक्कर. ही जोडी हिवाळ्यात, तोडणी ऐन भरात असताना घ्यावी. सकाळचं धुकं ओसरू द्यावं, कारण धुक्याचे थेंब इन्फ्रारेडलाही अडवतात. धुरकट हवा असेल तर ती बरीचशी भेदली जाते.